रगतवाले डॉक्टर

श्रीरंग डॉक्टरांच्या शोकसभेत जो तो त्यांच्या हातगुणाबद्दल बोलला. नगराध्यक्ष बोलले, औषधविक्रेत्यांचे प्रतिनिधी बोलले, आणि ज्यांना डॉक्टरांनी आयुष्यात कधी तपासलं नव्हतं असे एक निवृत्त मुख्याध्यापक तर डोळे पुसत बोलले. सभागृह आमच्या वाचनालयाचं, म्हणून ग्रंथपाल या नात्याने मलाही बसावं लागलं. मागच्या रांगेतून मी हार घातलेल्या फोटोकडे पाहत होतो. फोटोत डॉक्टर ताठ उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते. फोटो अगदी खरा होता. आमच्या गावात ते रोग्यासमोर सदैव असेच उभे राहिले. माणसाला हात न लावता हातगुण कसा येतो, हे शोकसभेत विचारण्याची पद्धत नाही. म्हणून मी विचारलं नाही. सावकाश इथे लिहितो आहे.

आमच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडे, त्यांचा दवाखाना होता. खाली दवाखाना, वर घर. ते बाहेरचे, मोठ्या शहरात शिकलेले. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी, जिथून एका बाजूला वैनगंगा आणि दुसऱ्या बाजूला जंगल सुरू होतं, अशा ठिकाणी ते का आले याचं उत्तर त्यांनी मला पहिल्याच भेटीत दिलं होतं. "इथला रोगी कोरा असतो," ते म्हणाले. "आधी दहा डॉक्टरांनी बिघडवलेला नसतो. अभ्यासाला बरा." असं ते माझ्या घरात, माझ्या आईच्या फोटोखाली बसून म्हणाले होते. आईही कोरीच होती. तिच्यावर कधी कुणी अभ्यास केला नाही.

त्यांच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद असत. भर वैशाखात, चंद्रपूरकडच्या उन्हात डांबर चिकटायला लागतं तेव्हाही. दाराची कडी ते रुमालाने उघडत. वाचनालयात आले तर स्वतःचा पेला घेऊन येत. कुणी भेटलं की "कसं काय" असं ते विचारत नसत; "नॉर्मल?" असं विचारत, आणि माणसंही सवयीने "नॉर्मल, जी" म्हणून पुढे जात. ज्याचा बाप आदल्या दिवशी वारला होता असा एक जण त्यांना "नॉर्मल, जी" म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. डॉक्टरांनी मान हलवली. नोंद झाली.

आठवडी बाजारात त्यांना पाहणं हे आमच्या गल्लीचं एक करमणुकीचं साधन होतं. ते वांगीसुद्धा हातात घेऊन पाहत नसत. वांगी विकणारी बाई एकदा म्हणाली, "दाबून पाहा ना जी. कीड असन त मंग मले बोलसान."

"तुम्ही सांगा. आहे का कीड?"

"मी विकून राह्यली, मी काऊन सांगू?"

डॉक्टर तिच्याकडे असे पाहत राहिले, जणू तिने चुकीच्या रकान्यात उत्तर लिहिलं आहे. मग त्यांनी तिची वांगी घेतली नाहीत. पलीकडच्या दुकानातून, पिशवीत बंद केलेली, वर वजन छापलेली घेतली. त्यांत कीड निघाली की नाही ते ठाऊक नाही.

दवाखान्यातही तसंच. रोगी आत आला की ते त्याच्याकडे पाहायच्या आधी म्हणत, "रक्त." आतल्या खोलीत त्यांचं यंत्र होतं. आमच्या गल्लीत थंड हवेची खोली एकच, आणि ती त्या यंत्राची. माणसं बाहेर पत्र्याखाली घाम पुसत बसत. रक्त आत जाई, कागद बाहेर येई, कागदावरून डॉक्टर बोलत. आमच्याकडे रक्ताला रगत म्हणतात, म्हणून ते झाले रगतवाले डॉक्टर. त्यांना हे नाव कळलं तेव्हा त्यांना आनंद झाला. थट्टा ओळखण्यासाठी माणसाकडे पाहावं लागतं.

ते कुणाला हात लावत नाहीत, हे आमच्या वस्तीत लवकरच लक्षात आलं. आमच्या वस्तीला अशा गोष्टी लवकर लक्षात येतात. विहारातल्या काही जुन्या माणसांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. माझी धाकटी बहीण प्रज्ञा मात्र हसली. ती नर्स होती; जंगलाच्या आतल्या एका उपकेंद्रावर तिची नेमणूक होती, आणि रोगी घेऊन तिला डॉक्टरांकडे वारंवार यावं लागायचं. "नाई, दादा," ती म्हणाली, "ते बामणालेही हात नाई लावत, मारवाड्यालेही नाई. मी डोळ्यानं पाह्यलं. समता म्हणतेत ते हेच असन."

आम्ही दोघंच होतो घरात. ती आत आली की घर भरून जायचं; मी मुळातच कमी बोलणारा. तिच्याविषयी मी इथे जास्त लिहिणार नाही. हे डॉक्टरांचं व्यक्तिचित्र आहे.

डॉक्टरांचा खरा ध्यास अपेंडिक्स. त्यात त्यांनी एक पद्धत बसवली होती आणि तिच्यावर बोलायला ते कुठेही तयार असत. एकदा आमच्याच सभागृहात त्यांचं व्याख्यान झालं. गर्दी चांगली होती, कारण नंतर पोहे होते.

"पूर्वीचे डॉक्टर," ते म्हणाले, "आधी रोग्याला विचारायचे, मग त्याचं पोट दाबायचे, मग रक्त तपासायचे. मी यातल्या पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या. रोगी विसरतो, घाबरतो, वाढवून सांगतो. पोट प्रत्येक डॉक्टरच्या बोटाला वेगळं लागतं. पोट अंदाज सांगतं, रक्त निकाल सांगतं."

मग त्यांनी सोपं करून सांगितलं. अपेंडिक्स सुजला की शरीर पांढऱ्या पेशी वाढवतं आणि यकृत सीआरपी नावाचं एक प्रथिन रक्तात सोडतं. हे म्हणजे पोलीस. रस्त्यावर पोलीस दिसले की समजावं, घरात चोर शिरला आहे. पोलीस नाहीत, तर चोर नाही. आमच्यासारख्या भागात, जिथे सोनोग्राफीला दूर जावं लागतं आणि सर्जन त्याहून दूर, तिथे कुणाला गाडीत घालून पाठवायचं आणि कुणाला गोळी देऊन घरी पाठवायचं, हे एका सुईत ठरतं.

हे सगळं खोटं होतं असं मी म्हणत नाही. मी नंतर पुष्कळ वाचलं. रक्ताची मदत होते, खरोखर होते. पण रक्त मदतनीस आहे, आणि त्यांनी त्याला न्यायाधीश केलं होतं.

मागे पंक्चरवाले गोमाजी उभे होते. त्यांनी हात वर केला. "सर, एक विचारू का? आमच्या गावात त चोर निंगून गेल्यावर पोलीस येतेत."

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतले ठाणेदारसुद्धा हसले. डॉक्टर, रस्त्यावरून ट्रक जाईपर्यंत थांबावं तसे, हसणं संपेपर्यंत थांबले.

"हा विनोद आहे," ते म्हणाले. "मी शास्त्र सांगतो आहे."

घरी येताना प्रज्ञा वाटभर हसत होती. "दादा, गोमाजीले एमडी दिली पाह्यजे."

तरीही त्यांची पद्धत चालली. नुसती चालली नाही, गाजली. उन्हाळ्यात प्रज्ञा आतल्या गावातून मंगरू नावाच्या एका माणसाला घेऊन आली. तो गाडीत गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. बेंबीभोवती डागण्यांचे ताजे व्रण होते. पोटदुखीवर गावात तो उपाय आधी करतात. डॉक्टर पायरीवर उभे होते, हात पाठीमागे. गाडीपर्यंत ते गेले नाहीत. कागद आला तसा तो त्यांनी डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "अपेंडिक्स. फुटायच्या बेतात. चंद्रपूर." मंगरूला नेलं, त्याचं ऑपरेशन झालं, आणि जे त्यांनी सांगितलं तेच निघालं. रोग्याचा चेहरा न पाहता अचूक निदान, अशी बातमी छापून आली. बातमीत ही स्तुती होती. तिचं कात्रण डॉक्टरांनी वाचनालयात आणून दिलं आणि "आरोग्यविषयक" असा विभाग असेल तर त्यात ठेवा म्हणाले. अशी पुढे बरीच कात्रणं आली. ती अजून आहेत. कुणी मागत नाही.

त्या दिवशी मंगरूची बायको आमच्या ओट्यावर बसली होती. प्रज्ञा तिला रागावत होती. "इतके दिस काऊन थांबले वो?"

"तेंदूचा पत्ता सुरू होता ना, बाई. हंगाम सोडून कोन येते? तो म्हणे, पत्ता संपू दे, मंग पाहू."

"आन् मेला असता त?"

"मेला असता त मेला असता. पन पत्ता त संपला असता ना." आणि ती हसली, आणि हसता हसता रडली.

आमच्या जंगलभागातली ही जुनी रीत आहे. पोट दुखलं तर माणूस काम संपवतो. मोहफूल वेचून होऊ दे, धानाचा रोवणा होऊ दे, बिडीच्या पानांचा पत्ता होऊ दे. मग पुजाऱ्याकडे, मग डागणीकडे, आणि काहीच उरलं नाही की दवाखान्याकडे. तोपर्यंत आत जे व्हायचं ते बहुतेक होऊन गेलेलं असतं. श्रीरंग डॉक्टरांच्या पत्र्याखाली जो येई तो असा उशिरा आलेला असे, आणि उशिरा आलेल्याचं रक्त उकळत असतं. कुठल्याही यंत्राला ते दिसलं असतं. डॉक्टरांना वाटायचं, आपलं यंत्र कधी चुकत नाही. ते यंत्र आमच्या लोकांच्या उशिरावर जगत होतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही, कारण ते येण्यासाठी "केव्हापासून दुखतं?" हा प्रश्न विचारावा लागला असता, आणि ती पायरी त्यांनी गाळली होती.

प्रज्ञाचं काम बरोबर उलटं. तिने नोकरीची सगळी वर्षं एकच गोष्ट सांगण्यात घालवली. घरोघरी, बाजारात, लग्नाच्या मांडवातसुद्धा: "पोट दुखलं त त्याच दिवशी या. काम पळून नाई जात." लोक तिची थट्टा करायचे. "बाई, तुमाले त शिंक आली तरी दवाखाना दिसते." ती म्हणायची, "दिसते. तुमालेही दिसन एक दिवस." आणि हळूहळू दिसायला लागला होता. एखादी बाई दुसऱ्या दिवशी यायची, एखादा म्हातारा कापणी टाकून यायचा. असं कुणी आलं की त्या दिवशी आमच्याकडे गोडाचा शिरा व्हायचा. मी कारण विचारायचो नाही. वासावरून कळायचं.

ती गेली ते दिवस हलक्या धानाच्या कापणीचे होते. सकाळी ती उपकेंद्राला निघाली होती. गाडी बाहेर काढली, आणि मग पायरीवर बसून राहिली, हेल्मेट मांडीवर ठेवून. बेंबीपाशी दुखत होतं. तिला उलटी झाली. मी म्हटलं, थोडी पड. ती म्हणाली, "लोकायले सांगत फिरते, आन् आता मीच थांबू का?"

आम्ही लगेच गल्ली ओलांडली. त्या दवाखान्यात दुखणं इतकं ताजं असताना बहुधा कुणी आलं नसेल.

डॉक्टर म्हणाले, "रक्त."

रक्त आत गेलं, कागद बाहेर आला. डॉक्टरांनी तो वाचला आणि खूश झाले. "पेशी नॉर्मल. सीआरपी नॉर्मल. तुम्हाला अपेंडिक्स नाही, सिस्टर. पित्त असेल."

"सर, पहिले मधात दुखत होतं. आता उजवीकडे सरकून राह्यलं," प्रज्ञा म्हणाली. ती टेबलाला धरून उभी होती. "एकदा पोट पाहता का?"

"पाहिलं की," ते कागद हलवत म्हणाले.

"दाबून, सर."

"सिस्टर, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीसुद्धा असं म्हणालात तर खेड्यातल्या बायांनी काय करावं?" त्यांनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन लिहून दिलं, ते त्यांच्या नर्सने दिलं. निघताना ते मला म्हणाले, "नॉर्मल."

त्या दिवशी ती झोपून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं एकदम कमी झालं. ती उठून बसली आणि म्हणाली, "उतरलं वाटते, दादा." मी भात टाकला. फुटलेल्या अपेंडिक्सचं दुखणं काही काळ असं उतरतं, हे मी नंतर वाचलं. तेव्हा आम्हाला भूक लागली होती. दुपारनंतर तिला थंडी भरून आली, आणि पोट पाटीसारखं कडक झालं.

मी आणि शेजारच्यांनी तिला उचलून समोर नेलं. डॉक्टरांनी तेव्हाही आधी रक्तच घेतलं. ती पत्र्याखालच्या बाकावर होती, डोळे अर्धे मिटलेले. कागद आला. डॉक्टर आतून जवळजवळ धावत बाहेर आले. "आता बघा!" ते म्हणाले. "आता आलं! बघा, सीआरपी कुठे गेलाय!" त्यांनी तो कागद माझ्यासमोर धरला. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी पुष्कळ दिवस ओळखायचा प्रयत्न केला. तो आनंद होता. हरवलेली वस्तू सापडल्याचा.

आम्ही तिला चंद्रपूरला नेलं. तिथल्या सर्जननी तिच्या पोटावर हात ठेवला, अगदी हलका, आणि लगेच काढून घेतला. ऑपरेशन झालं. विष सगळीकडे पसरलं होतं. ती परत आली नाही.

डॉक्टर भेटायला आले. पांढरा शर्ट, बाह्या बंद, हात पाठीमागे. बसा म्हटलं तर बसले नाहीत. गल्लीतली माणसं, वस्तीतल्या बाया, उपकेंद्राच्या गावांहून आलेले लोक, सगळे ओट्यावर होते. डॉक्टर थोडा वेळ तिच्या फोटोकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून, समजावण्याच्या सुरात म्हणाले, "ताई फार लवकर आल्या हो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"रक्ताला वेळ लागतो," ते पुढे म्हणाले. "सीआरपी पहिल्या काही तासांत चढत नाही. पेशीही कधीकधी नाही. थोडं थांबून आल्या असत्या, तर कागदावर दिसलं असतं."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?" मी विचारलं.

"अर्थात. हे कुठल्याही पुस्तकात आहे." मग, तक्रार केल्यासारखं, "पण इकडे लवकर कुणी येतच नाही ना."

मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले. पेला आणला नव्हता.

त्या ओट्यावर मंगरूची बायकोही बसली होती. ती सगळं ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर तिने शेजारणीला विचारलं, "डॉक्टर का म्हणून राह्यले?"

"म्हणतेत, लवकर गेली म्हणून मेली."

"असं?" ती म्हणाली. "आन् आमचा मंगरू उशिरा गेला, तो जगला." मग माझ्याकडे पाहून, खरोखर विचारावं तसं, म्हणाली, "बाई आमाले उलटं काऊन सांगत होती, भाऊ?"

ते वाक्य ओट्यावरून उठलं आणि गावांत गेलं. मी नंतर प्रज्ञाचं सामान आणायला उपकेंद्रावर गेलो तेव्हा ते माझ्याआधी तिथे पोचलेलं होतं. पारावर बसलेला एक म्हातारा मला सांत्वनाने म्हणाला, "नर्सबाई लय चांगली होती जी. पन घाई केली. रगत पिकू द्या लागते." दुसरे मान हलवत होते. नोकरीभर घरोघरी फिरून तिने जे रुजवलं होतं ते असं एका वाक्यात उपटलं गेलं होतं, आणि ते उपटणारा माणूस समोरच्या घरात रुमालाने कडी उघडत राहत होता.

मी त्यांच्याशी एकदाच बोललो. गल्ली ओलांडून गेलो आणि म्हटलं, "गावोगाव लोक म्हणताहेत की उशिरा जावं. तुमच्या बोलण्यावरून म्हणताहेत."

"मी असं म्हटलेलं नाही. मी फक्त शास्त्र सांगितलं."

"अर्धं सांगितलंत."

"उरलेलं काय?"

"ते तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही सांगा. लवकर आलेल्या माणसाचं काय करायचं असतं?"

त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलून वाचायला घेतला. मी वळलो तेव्हा मागून, सवयीने असेल, त्यांनी विचारलं, "नॉर्मल?" मी उत्तर दिलं नाही. आमच्या गल्लीत त्या प्रश्नाला उत्तर न देणारा कदाचित मी पहिला.

त्यानंतर मी त्यांना फारसं पाहिलं नाही. समोरच्या घरातला माणूस न पाहणं जमतं. मान थोडी वळवावी लागते. ते वाचनालयात येईनासे झाले, कात्रणंही थांबली. ते गेले हेही मला गल्लीतल्या चपलांच्या आवाजावरून कळलं.

पण मधे एकदा, त्यांच्या नकळत, मी त्यांना चांगलं जवळून पाहिलं. महाशिवरात्रीची, वैनगंगेकाठच्या मार्कंड्याची जत्रा. मी देवाधर्माला जाणारा नव्हे. तिथे पुस्तकांचं दुकान लावायचं होतं म्हणून गेलो होतो. आमच्या दुकानाला लागूनच मोफत तपासणीचा मांडव होता, आणि मांडवात टेबलामागे श्रीरंग डॉक्टर होते. मधे कापड होतं. त्याच्या फटीतून मला ते दिसत होते, त्यांना मी नाही.

सकाळची वेळ होती. एक बाई आली, कपाळाला भस्म, ओला पदर, नदीतून नुकतीच निघालेली. म्हणाली, पोट दुखते.

"रक्त," डॉक्टर म्हणाले. टेबलावर छोटं यंत्र होतं. कागद आला. त्यांनी तो वाचला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग त्यांनी मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेला प्रश्न विचारला.

"केव्हापासून?"

"आता पहाटीपासून, जी."

"बसा इथे. दुपारी पुन्हा रक्त घेऊ."

"काऊन? आता निंगालं नाई ना काई?"

"नाही."

"मंग झालं. मले देवाले जा लागते." ती उठलीही. मांडवाबाहेर पडली, गर्दीत शिरली.

आणि श्रीरंग डॉक्टर खुर्चीवरून उठून तिच्या मागे गेले. मी पुस्तकं सोडून कापडाच्या कडेला उभा राहिलो. घंटा, भोंगे, नारळवाले, त्यातून ते चालले होते, हात पाठीमागे बांधलेले, आणि मोठ्याने म्हणत होते, "बाई! लवकर आलात, म्हणूनच थांबायचं! अहो, लवकर आलात ते बरोबर केलंत! घरी जायचं नाही!" लोक वळून पाहत होते. एका नारळवाल्याने त्यांची नक्कल केली, "लवकर आलात, बरोबर केलंत!" आणि पोरं हसली. नदीकडून आलेल्या लोंढ्याचा धक्का लागून डॉक्टर झोकांडले. हात मागे बांधून गर्दीत चालणाऱ्याचं दुसरं काय होणार. त्या बाईनेच पुढे होऊन त्यांचं कोपर धरलं.

"सांबाळा ना जी. पडले असते ना आता."

त्यांनी कोपर सोडवून घेतलं. बाही सारखी केली. हात परत मागे नेले. पण ते तिथेच, तिच्या वाटेत, उभे राहिले. "दुपारपर्यंत," ते म्हणाले. "फक्त दुपारपर्यंत बसा."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा हट्टाला पेटला आहे असं तिला वाटलं असावं. ती परत फिरली.

दुपारी तिचं रक्त पुन्हा घेतलं आणि तिला गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी नेलं. ती वाचली, हे मला जत्रेतच दुसऱ्या दिवशी तिच्या गावच्या माणसाकडून कळलं. लवकर आली म्हणून वाचली, असं तो सांगत होता, आणि ज्याला त्याला सांगत होता. मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं.

तर एवढं शिकले ते. पुस्तकात छापलेली एक ओळ, आणि ती त्यांना समजावी म्हणून माझी बहीण लागली. शोकसभेत हे कुणी बोललं नाही, कारण कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मी बोलणाऱ्यांत नव्हतो.

पण मांडवातली ती सकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. बाई कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसली होती, मांडवाच्या खांबाला टेकून. दुखणं वाढलं असावं. ती पुढे वाकत होती. डॉक्टर तिच्यापासून दोन हातांवर उभे होते आणि घड्याळ पाहत होते. बाईच्या पोटावर, उजवीकडे खाली, जिथे तो असायला हवा तिथेच, एक हात ठेवलेला होता. तो तिचाच होता.